वाचलेलं पुस्तक परत वाचायचं असेल तर

घरात न वाचलेली पुस्तकं पडलेली असताना वाचलेलंच परत कशाला वाचायचं, हा प्रश्न वाचणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच आणि तो चुकीचा अजिबात नाही. दर दिवाळीला अंक येतात, प्रदर्शनात गेलं की पिशवी भरून पुस्तकं घरी येतात, मोबाईलवर कोणी ना कोणी नवीन नाव सुचवत असतं, आणि वाचायला दिवसाचा मिळतो अर्धा पाऊण तास, तोही लोकलमध्ये नाहीतर रात्री सगळे झोपल्यावर. त्यात जुनंच पुस्तक काढून बसलं की वेळ वाया जातोय असं वाटणं साहजिक आहे. तरी माझं स्पष्ट मत आहे की चांगलं पुस्तक परत वाचलंच पाहिजे, फक्त सगळी पुस्तकं नाही आणि पहिल्यांदा वाचलं तसं तर अजिबात नाही. परत वाचून काही मिळालं नाही असं जे म्हणतात ते बहुतेक वेळा दुसऱ्यांदाही पुढे काय होतं तेच बघायला वाचत असतात, आणि ते तर आधीच माहीत असतं, मग कंटाळा येणारच की.

नवीन गावात पहिल्यांदा गेलो की आपलं सगळं लक्ष पत्ता शोधण्यात असतं, दुसऱ्यांदा गेलो की रस्त्यावरची घरं दिसतात. पुस्तकाचं अगदी तसंच होतं. गोष्ट माहीत झाली की घाई संपते, मग कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, लेखकाने कुठे थांबून सांगितलं आणि कुठे भराभर आटपलं, हे सगळं समोर यायला लागतं.

उदाहरण म्हणून 'श्यामची आई' घ्या, कारण ते जवळपास सगळ्यांनी वाचलेलं किंवा निदान ऐकलेलं असतं. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, त्यात प्रकरणांना रात्री म्हटलंय आणि अशा 42 रात्री आहेत. त्यातली अळणी भाजीची गोष्ट आठवतेय का? आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील त्याबद्दल एक शब्द न बोलता जेवतात, त्यांच्याकडे बघून मुलंही तसंच जेवतात, आणि शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. लहानपणी वाचताना आपण यातून एवढंच घेतो की समोरच्याच्या कष्टाला नावं ठेवू नयेत, शिवाय शाळेत तात्पर्य म्हणून तेच लिहायचं असतं. आता चाळिशीत हेच परत वाचा. आधी डोळ्यात भरतं ते हे की ती सगळ्यात शेवटी जेवते आणि या गोष्टीत कोणालाच त्याचं काही वाटत नाही. ती आधी बसली असती तर पहिल्याच घासाला कळलं असतं आणि ही गोष्टच झाली नसती. पुस्तकातला एक शब्द बदललेला नाही, पण लहानपणी आपण ताटावर बसलेल्या पोराच्या जागेवरून बघत होतो आणि आता वाढणाऱ्या बाईच्या जागेवरून बघतो. नुसत्या या एका पानासाठी सुद्धा मी कोणालाही म्हणेन की हे पुस्तक परत उघडा.

आता हे करायचं कसं ते सांगते. नियम वगैरे नाहीत, पण काही गोष्टी पाळल्या तर फरक पडतो.

कुठलं पुस्तक घ्यायचं

कपाटासमोर उभं राहून एकेका पुस्तकाच्या नावावरून बोट फिरवा आणि स्वतःला विचारा, यातलं काय आठवतंय. गोष्ट विसरलीय पण एखादा प्रसंग, एखादा माणूस, एखादी जागा लख्ख आठवतेय असं पुस्तक असेल तर ते नक्की घ्या. शेवट आवडला नव्हता, लेखकाशी मनात भांडण झालं होतं, असं असेल तर तेही घ्या, बऱ्याचदा ही पुस्तकं आवडलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त देतात. आणि तिसरं म्हणजे जे तेव्हा समजलंच नव्हतं, पण काहीतरी आहे यात असं वाटून ठेवून दिलं होतं.

आणखी एक मोठा ढीग आपण विसरतो तो म्हणजे शाळेत धडा म्हणून भेटलेली पुस्तकं. कितीतरी चांगल्या पुस्तकांची चार पानं आपण परीक्षेसाठी वाचलेली असतात, त्यावर प्रश्नोत्तरं लिहिलेली असतात आणि म्हणून डोक्यात बसलेलं असतं की हे आपलं वाचून झालंय. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. भागाभागाने 1934 पासून ते प्रसिद्ध व्हायला लागलं. धड्यात आपल्याला त्यातला विनोद तेवढा भेटतो. पूर्ण वाचायला घेतलं की कळतं की वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचं न सांगता निघून जाणं, 1895 साली नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ह्या बाईचं काय झालं असेल आणि तिने स्वतः पाच वर्षांनी 1900 साली तोच धर्म घेईपर्यंत मधे किती काय काय सोसलं, हे सगळं ती त्याच हसऱ्या आवाजात सांगते. पहिल्या वाचनात आपण हसत हसत पुढे जातो. दुसऱ्या वाचनात प्रत्येक हसण्याच्या मागे कुठला प्रसंग आहे तिथे थांबा, एवढं एकच काम ठेवा. मात्र संक्षिप्त आवृत्ती नको, पूर्ण आवृत्ती बघून घ्या.

जी पुस्तकं निव्वळ उत्सुकतेवर चालतात ती परत वाचायचा हट्ट धरू नका. खून कोणी केला हे कळल्यावर ज्यात काही उरत नाही ते पुस्तक एकदाच वाचण्यासाठी असतं आणि त्यात काही कमीपणा नाही. त्या एका रात्री त्याने मजा दिली, बास.

कधी वाचायचं

दोन वेळा चांगल्या असतात, एक लगेच आणि एक बऱ्याच वर्षांनी. मधली वेळ, म्हणजे सहा महिन्यांनी वर्षभराने, मला तरी फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण पुस्तक पूर्ण आठवतही असतं आणि आपण बदललेलो पण नसतो.

लगेच वाचायच्या गोष्टी म्हणजे कविता आणि कथा. जी. ए. कुलकर्णींची कथा एकदा वाचून खाली ठेवली तर ती अर्धीच वाचली असं मी समजते. 'रमलखुणा' मधे फक्त दोन दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', आणि दोन्ही पहिल्या वाचनात आपल्याला ओढत ओढत कुठल्या तरी अनोळखी प्रदेशात नेतात, आपण नुसते मागे चालत राहतो. संपल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानापासून सुरू करा. सुरुवातीला ज्या गोष्टी नुसतं वर्णन म्हणून वाचल्या होत्या त्या शेवटाकडे बोट दाखवत होत्या हे दिसतं आणि अंगावर काटा येतो. हे लगेच केलं तरच होतं, कारण त्यासाठी शेवट ताजा लागतो.

कादंबरी आणि आत्मचरित्र मात्र वर्षांनी. किती वर्षांनी हे कॅलेंडरवर ठरत नाही, आपल्या आयुष्यात काहीतरी हललं की वेळ झाली समजायची. पहिली नोकरी, लग्न, मूल, घर सोडून दुसऱ्या शहरात किंवा देशात जाणं, आईवडिलांचं आजारपण, कोणाचं तरी जाणं. 'कोसला' हे त्यासाठीच बनलेलं पुस्तक आहे असं वाटावं इतकं चपखल बसतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली तेव्हा ते स्वतःच जेमतेम पंचविशीत होते आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकर पण पंचवीसचा. कॉलेजात असताना वाचलं की आपणच पांडुरंग असतो, पुण्यातलं हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, पैशांची उधळण, सगळं आपलंच वाटतं आणि बाप म्हणजे नुसता पैसे पाठवणारा आणि कटकट करणारा माणूस. पंचेचाळिशीत हेच वाचा, पोरगं बाहेरगावी शिकायला ठेवलेलं असताना वाचा. आता बापाच्या प्रत्येक ओळीशी थांबावंसं वाटतं. तो तेव्हाही तेवढाच होता पुस्तकात, आपण त्याला बघितलं नव्हतं. आणि पांडुरंगची धाकटी बहीण मनू देवीच्या आजाराने मरते तो भाग, तिथे पोचल्यावर जरा हळू व्हा आणि भाषेकडे कान ठेवा, आतापर्यंत सगळ्या जगाला उडवून लावणाऱ्या या पोराचा आवाज तिथे कसा होतो ते ऐका. तरुणपणी हा भाग आपण रडून पुढे ढकलतो. मोठेपणी कळतं की आधीची सगळी बेफिकिरी आणि नंतरचं सगळं रिकामपण या भागाच्या दोन बाजूंना उभं आहे.

वाचताना काय करायचं

सगळ्यात महत्त्वाचं, सुरू करण्याआधी एकच गोष्ट ठरवा की या वेळी मी काय बघणार आहे. एकच. एखादं दुय्यम पात्र, घरातली बाई, पैसे, जेवण, पाऊसपाणी, काहीही चालेल. ठरवलं नाही तर डोळे आपोआप जुन्या वाटेने जातात, आवडते प्रसंग चाळले जातात आणि बाकीचं नुसतं पान उलटणं होतं.

जिथे एकापेक्षा जास्त लोक गोष्ट सांगतात तिथे तर हे फार सोपं आहे. खांडेकरांच्या 'ययाति' मधे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापली बाजू सांगतात. कादंबरी 1959 ची, आणि पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, त्यामुळे बहुतेकांनी ती एकदा मान देऊन वाचलेली असते. दुसऱ्यांदा वाचताना फक्त देवयानीचे भाग सलग वाचा, बाकीचे सोडा. पहिल्यांदा ती अहंकारी, हट्टी अशी वाटलेली असते कारण ययातीच्या डोळ्यांनी आपण तिला बघत आलेलो असतो. तिचंच तिचंच ऐकत गेलं की चित्र बरंच हलतं. पटेलच असं नाही, पण ऐकून तरी घेतलं जातं.

दुसरी एक पद्धत मला फार आवडते, दोन पुस्तकं जोडीने परत वाचायची. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' ही दोन्ही 1967 साली आली हे कळल्यावर मला खूप आश्चर्य वाटलं होतं. मृत्युंजय मधे कर्ण स्वतः बोलतो, शिवाय कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलतात, आणि पुस्तक संपेपर्यंत आपण पूर्णपणे कर्णाचे झालेलो असतो. सोळा सतरा वर्षांच्या वयात हे वाचलेल्या माणसाला कर्णाविरुद्ध एक शब्द बोलून दाखवा, भांडणच होतं. युगान्त मधे इरावतीबाई महाभारताकडे माणसांची, घराण्यांची, एका समाजाची गोष्ट म्हणून बघतात, कर्णाला मोठेपणा देतात पण त्याच्या चुका झाकत नाहीत, द्रौपदीच्या सभेतल्या प्रसंगात तो कसा वागला ते सोडून देत नाहीत. आधी युगान्त मधला कर्णावरचा लेख वाचा आणि मग मृत्युंजय परत उघडा. आता सावंत कुठे कुठे कर्णाच्या बाजूने उभे राहिलेत, कुठला प्रसंग मोठा केलाय, कुठला हळूच बदललाय हे दिसत जातं. मृत्युंजय यातून लहान होत नाही, उलट एवढं मोठं प्रेम एका पात्रावर करायचं तर लेखकाला किती काय काय करावं लागतं ते समजतं.

तिसरं म्हणजे पुस्तकाचं साल समोर ठेवून वाचणं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' 1939 सालचं आहे. युरोपातून भारताकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर नावाचा मराठी माणूस आणि जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा ही ज्यू मुलगी भेटतात, एवढीच गोष्ट. पहिल्यांदा ती प्रेमकथा म्हणून वाचली जाते आणि तशी ती आहेच. दुसऱ्यांदा पहिल्या पानावर पेन्सिलने 1939 लिहा आणि मग वाचा. ज्यूंचं पुढच्या पाच सहा वर्षांत काय होणार होतं हे लिहिताना बेडेकरांना माहीत असणं शक्यच नव्हतं, आपल्याला मात्र माहीत आहे. बोटीवरचे ते ज्यू प्रवासी पुढे कुठे उतरायला मिळेल याची चिंता करत असतात तेव्हा आपण मनात म्हणत असतो की बाई, निघालीस ते बरं झालं, आणि तरी तिचं काय होतं तेही आपल्याला आठवत असतं. शंभर सव्वाशे पानांत एवढा जीव अडकवणारी पुस्तकं मराठीत फार नाहीत.

आणि शेवट माहीत असण्याचा फायदा करून घ्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' मधे तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू लोकांचा होतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. पहिल्या वाचनात तालमीचा भाग म्हणजे उत्साहच उत्साह, सगळं गाव राबतंय, औंधचे राजे यायचेत. आता हे माहीत असताना वाचा की काही दिवसांनी या तालमीत घुमायला पोरंच राहणार नाहीत. माडगूळकर कुठेही पुढचं सांगून टाकत नाहीत, साधी साधी वाक्यं लिहीत जातात, आपणच प्रत्येक दगडाजवळ थांबतो. हे दुःख फक्त दुसऱ्या वाचनालाच मिळतं, पहिल्याला मिळूच शकत नाही.

पु.लं.च्या बाबतीत माझा आग्रह वेगळा आहे, मोठ्याने वाचा. 'व्यक्ती आणि वल्ली' मधला अंतू बर्वा आपण इतक्यांदा ऐकलेला असतो, पु.लं.च्याच आवाजात, की डोळ्यांनी वाचताना सुद्धा त्यांचा आवाज आणि प्रेक्षकांचं हसणं कानात वाजतं आणि त्या हसण्यामुळे पुढच्या दोन ओळी निसटतात. म्हणून घरातल्या कोणाला तरी समोर बसवून स्वतःच्या आवाजात वाचा, सावकाश. रत्नागिरीत वीज येते आणि अंतू आपल्या घरात काळोखच बरा म्हणतो, उजेडात दिसणार ते दारिद्र्यच, त्या जागेवर पोचलात की हशा थांबतो. एकटा म्हातारा, बायको गेलेली, मुलगा मुंबईला, आणि जिभेला तेवढी धार उरलेली. ऐकताना ते विनोदी वाटलं यात चूक काही नाही, पण मोठ्याने वाचताना ते वाक्य आपल्याच तोंडून जातं आणि मग हसता येत नाही.

कॉपी, पेन्सिल आणि वेळ

जमलं तर आपलीच जुनी प्रत वाचा. त्यात पूर्वी केलेल्या खुणा असतील तर पहिल्या फेरीत त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, आधी आपलं आपण वाचा, मग जुन्या खुणा बघा. बावीसच्या वयात कुठलं वाक्य अधोरेखित केलं होतं आणि आता कुठलं करावंसं वाटतंय यातलं अंतर बघण्यासारखं असतं. पेन नको, पेन्सिल वापरा, आणि या वेळच्या खुणा वेगळ्या करा, साधी समासात उभी रेघ पुरते. लायब्ररीचं पुस्तक असेल तर रेघा अजिबात मारू नका, एक चिठ्ठी आत ठेवून पान नंबर लिहीत जा. शेवटच्या पानावर महिना, साल आणि गाव लिहून ठेवायची सवय लावा, पुढच्या वाचनाला त्याचा फार उपयोग होतो.

प्रत हरवली असेल तर नवीन घ्यायलाच पाहिजे असं नाही. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत फोर्टातल्या फूटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, आणि आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांमधे तर खजिना पडून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, पुणे नगर वाचन मंदिर त्याच्याही आधी, 1848 चं. आत जाऊन जुनं पुस्तक मागा, काढून देणाऱ्या माणसालाही बरं वाटतं. परदेशात असाल तर ई-बुक किंवा ऑडिओबुक घ्या. ऑडिओबुकने दुसरं वाचन छान होतं, पहिलं वाचन मात्र मी डोळ्यांनीच करा म्हणेन. त्या पुस्तकावर सिनेमा निघालेला असेल तर सिनेमा बघून लगेच पुस्तक घेऊ नका. बनगरवाडीवर अमोल पालेकरांचा आहे, श्यामची आईवर अत्र्यांचा 1953 चा आहे, दोन्ही बघण्यासारखे, पण त्यांचे चेहरे डोक्यातून उतरायला थोडे महिने जाऊ द्या.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे परत वाचायची सवय पिढ्यानपिढ्या आहे, आपण फक्त ती देवघरापुरती ठेवली. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांचा असतो, कुठल्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचं ते ठरलेलं असतं. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, वर्षानुवर्षं त्याच वाचणारी माणसं प्रत्येक वारकरी घरात सापडतील आणि त्यांना विचारा, कंटाळा येतो का. त्यांचं एकच गमक असतं, ठरलेली वेळ आणि ठरलेला भाग. तेच आपण उचलायचं. रोज पंधरा वीस पानं, ठराविक वेळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. जास्त वाचावंसं वाटलं तरी थांबायचं, कारण दुसरं वाचन भराभर केलं की ते पहिल्यासारखं होऊन जातं.

खटकलं तर

हे होतंच आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही. लहानपणी जीव टाकला होता ते पुस्तक आता सपाट वाटतं, विनोद बायकांवर किंवा जातीवर केलेले आहेत हे आता कळतं, आवडता नायक आता अगदी असह्य वाटतो. अशा वेळी दोनच गोष्टी करायच्या. पुस्तक खरंच पोकळ निघालं तर पन्नास पानांवर बंद करा, जुनी आठवण जपून ठेवा, तिला काही होत नाही. पण पुस्तक चांगलं आहे आणि एखादीच जागा खटकतेय तर मात्र तिथून पळू नका.

परत श्यामच्या आईकडेच जाते, कारण तिथे हे मी नीट दाखवू शकते. 'देवाला सारी प्रिय' ही रात्र काढा. त्या काळी अस्पृश्य मानली गेलेली एक म्हातारी, तिची मोळी खाली पडलेली, उचलून डोक्यावर द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. लहानपणी आपल्याला फक्त पहिला भाग ऐकू येतो, मोळी उचलून दे. मोठेपणी दुसरा भाग ऐकू येतो, आंघोळ कर, आणि तो टोचतो, टोचलाच पाहिजे. आता इथे दोन सोपे रस्ते असतात, एक म्हणजे ती माउली होती, काही बोलू नका, आणि दुसरा म्हणजे बघा, हेच ते तुमचे आदर्श. दोन्ही रस्ते सोडा आणि पान उघडं ठेवा. ज्या बाईला आंघोळीचा नियम मोडता येत नव्हता तिने त्या नियमाच्या आत राहून जेवढं जमलं तेवढं केलं, गावाने तेवढंही केलं नाही, आणि तिच्याच पोराने, म्हणजे स्वतः साने गुरुजींनी, पुढे 1947 साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. मोळीपासून त्या उपोषणापर्यंतचं अंतर पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही, ते आपल्याला परत वाचताना स्वतः चालून जावं लागतं. आणि ज्या म्हातारीला हात लावल्यावर आंघोळ करायची होती तिच्या घरात हे पुस्तक वाचलं तर कसं वाटेल, हाही प्रश्न त्याच पानावर बसलेला आहे, तोही टाळू नका. मुलांना वाचून दाखवताना हे पान गाळणारे पालक मला माहीत आहेत. गाळू नका, वाचा आणि मुलं विचारतील त्याला खरं उत्तर द्या.

नवीन पुस्तकांचं काय

नवीन वाचायचंच, त्याबद्दल वाद नाही. फक्त जुनं वाचणारा नवीन लिहिणाऱ्यांवर अन्याय करतो असं मला वाटतं, आज जे लिहितायत त्यांना वाचक आजच मिळायला हवेत. मी साधारण तीन नवीन आणि मग एक जुनं असं धरते, तुम्ही तुमचं प्रमाण ठरवा. नवीन पुस्तकांची सगळी यादी संपवायची असा ताण घेऊन मात्र वाचू नका, ती यादी कोणाचीच संपलेली नाही. शिवाय जुनं परत वाचून आलं की नवीन पुस्तकातलं पोकळ काय आणि भरीव काय हे पटकन कळायला लागतं, त्यामुळे तो वेळही वाचतोच.

कोणाबरोबर तरी वाचता आलं तर फारच उत्तम. मोठा ग्रुप नको, दोघं तिघं पुरे, आणि शक्यतो वेगवेगळ्या वयाची. आजी, सून आणि कॉलेजातली नात यांनी एकाच महिन्यात स्मृतिचित्रे वाचलं तर तिघींनी तीन वेगळ्या ठिकाणी पेन्सिल टेकवलेली असेल, बोलायला विषय आपोआप मिळतात. प्रत एकच असेल तर तिघींच्या खुणा वेगळ्या ठेवा, एकीने रेघ, एकीने टिंब, एकीने फुली.

पहिल्यांदाच करून बघत असाल तर मृत्युंजयसारख्या जाडजूड पुस्तकाला हात घालू नका. रणांगण किंवा बनगरवाडी घ्या, दोन्ही लहान आहेत, रोज पंधरा पानं म्हटली तरी आठवडा दीड आठवड्यात होतात. घेण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा की या पुस्तकातलं मला आत्ता काय आठवतंय, आणि कागद शेवटच्या पानात खुपसून ठेवा. वाचून झाल्यावरच काढायचा. काय काय चुकीचं आठवत होतं, कोण अजिबातच आठवत नव्हतं ते बघा आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला नवीन चार ओळी तारखेसकट लिहा.